मॅडम, १७ तारखेनंतर काय झालं?

पत्र : मी मराठवाड्यातल्या एका गावात आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. आठवीच्या पुस्तकात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा भाग आहे. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, पोलीस कारवाई आणि १७ सप्टेंबर १९४८ची शरणागती, इथे तो संपतो. शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी याला पोलीस ॲक्शन म्हणतात. माझ्या दादांचे, म्हणजे आजोबांचे, अब्बा त्यातच गेले. दादा तेव्हा पाळण्यात होते." कुणीतरी हळूच 'रझाकार' म्हणालं आणि पोरं हसली. मी त्यांना दटावलं आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, की कारवाईनंतर आपल्या भागात पुष्कळ मुसलमान मारले गेले. दुसऱ्या दिवशी एक पालक मुख्याध्यापकांकडे आले. त्यांच्या पणजोबांचं घर रझाकारांनी जाळलं होतं. बायकापोरांनी ज्वारीच्या रिकाम्या पेवात, जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात, रात्र काढली आणि मग सगळं कुटुंब बार्शीला पळालं. त्यांचं म्हणणं, "पुस्तकात नाही ते शिकवायचा तुम्हाला काय अधिकार?" मुख्याध्यापक म्हणतात, पुस्तकाबाहेर जाऊ नका. १७ सप्टेंबरची मुलांची भाषणं लिहून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. अल्पसंख्याकांची बाजू पाठ्यपुस्तकात असावी का? आणि ती येत नाही तोवर मी काय करावं?

उत्तर :

ताई,

असावी. फक्त 'अल्पसंख्याकांची बाजू' अशी पाटी लावून नको. ती पाटी लागली की घोटाळा सुरू झालाच म्हणून समजा.

तुमच्या वर्गातला तो मुलगा नेमकं काय म्हणाला ते बघा. निजाम चांगला होता, असं तो म्हणाला नाही. हैदराबाद भारतात यायला नको होतं, असंही म्हणाला नाही. त्याच्या घरातला एक माणूस १९४८ साली गेला, एवढंच त्याने सांगितलं. माणूस मेला, ही कुणाची बाजू कशी असेल? त्या पालकांचंही तेच. घर जळालं, पोरंबाळं पेवात बसून राहिली, हे काही त्यांचं मत नव्हे. ते घडलेलं आहे. आपण मात्र एकाच्या घरात घडलेल्याला इतिहास म्हणतो आणि शेजारच्या घरात घडलेल्याला बाजू. वाद बाजूंचा आहे असं मानलं, की मग समतोल साधायच्या नादात कुणी किती ओळी घ्यायच्या याची वाटणी सुरू होते. शेताच्या बांधावरून भावकी भांडते तशी.

म्हणून आधी घडलं काय ते नीट मांडू. तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात, यातलं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. पण मुख्याध्यापकांसमोर बसायचं तर तारखा आणि आकडे हाताशी हवेत.

हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांतले पाच मराठी : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. संस्थानातली साधारण ८५ टक्के प्रजा हिंदू, सत्ता निजामाची. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला तरी निजामाने विलीन व्हायला नकार दिला. कासीम रझवी हा लातूरचा वकील. निजामाची सत्ता टिकवायला उभ्या केलेल्या त्याच्या सशस्त्र रझाकार संघटनेने पुढचं वर्षभर जो धुमाकूळ घातला, त्यात सौम्य करून सांगण्यासारखं काहीही नाही. गावं लुटली, घरं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. बिदरकडचं गोरटा गाव आजही रझाकारांनी तिथे केलेल्या हत्याकांडासाठी ओळखलं जातं. हजारो कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, अहमदनगरकडे गेली. सरहद्दीवर स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते आणि तिथून तरुण पोरं जिवावर उदार होऊन लढत होती. तुमच्या त्या पालकांच्या घरातली आठवण खरी आहे आणि ती अजून ओली आहे. पुढचं सगळं वाचताना हे डोळ्यांआड करू नका.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य शिरलं. हीच ती 'पोलीस कारवाई', म्हणजे पोलीस ॲक्शन. सोलापूरकडून आलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. पाच दिवसांत निजाम शरण आला. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. पुस्तकातला पाठ इथे थांबतो आणि झेंडावंदनाची भाषणंही इथेच थांबतात.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्गा भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. बातम्या दिल्लीला पोचल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ पाठवलं. सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते १६पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून जास्त लोकांशी बोलले. त्यांच्या अहवालाप्रमाणे सर्वांत जास्त झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. संस्थानभरातल्या मृतांचा त्यांचा अंदाज २७ हजार ते ४० हजारांचा. रझवीचं गाव म्हणून लातूरवर तर विशेष राग. तिथे वीस दिवसांहून जास्त काळ हत्या चालू होत्या, हजारावर माणसं मारली गेली, आणि दहा हजारांच्या मुस्लीम वस्तीतले जेमतेम तीन हजार लोक गावात उरलेले मंडळाला आढळले, असं त्यात लिहिलंय. काही ठिकाणी लष्कर-पोलिसांतल्या माणसांवरही ठपका आहे.

मारले गेले ते कोण? रझवीचे सरदार? रझवी स्वतः तर पकडला गेला, शिक्षा भोगून पुढे पाकिस्तानात गेला. बडे जहागीरदार शहरांत होते. गावात सापडला तो विणकर, शेतमजूर, छोटा दुकानदार. त्यांतले काही रझाकारांत सामील होते, हे खरं. बहुतेक नव्हते. आधीच्या अत्याचारांचा राग होता हेही खरं, आणि रागाच्या आडून दुकानं लुटली गेली, जमिनी बळकावल्या गेल्या, हेही खरं.

आकड्यावर वाद आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मुळीच पटला नव्हता. हे मंडळ म्हणजे काही न्यायालयीन आयोग नव्हे. त्यामुळे कुणी म्हणालं, की २७ हजार हा आकडा पक्का धरता येत नाही, तर ते मान्य करा. त्यावरून हट्ट धरू नका. पण आकडा पक्का नाही म्हणून घटनाच झाली नाही, असं होत नाही. सरकारने अनेक वर्षं अहवाल छापला नाही. आता तो दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात बघता येतो आणि अभ्यासकांनी तो प्रसिद्धही केलेला आहे. म्हणजे तुम्ही वर्गात सांगितलंत ती कुजबुज नव्हती. भारत सरकारनेच पाठवलेल्या माणसांनी लिहून ठेवलेली गोष्ट होती. हे वाक्य मुख्याध्यापकांसाठी जपून ठेवा.

आता पुस्तकाकडे येऊ. 'बालभारती'वर राग काढण्याआधी एक गोष्ट बघा. तो पाठ देशभरातल्या संस्थानांचं विलीनीकरण सांगतो. जुनागड आलं, काश्मीर आलं, हैदराबाद आलं, मग पाँडिचेरी आणि गोवा. त्यात मराठवाड्याच्या वाट्याला मोजकी पानंसुद्धा नाहीत, मोजके परिच्छेद आहेत. त्या पालकांच्या पणजोबांचं जळालेलं घरही त्यात नाही. बार्शीचा कॅम्प नाही. जंगल सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडणाऱ्या शेतकऱ्यांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली. खरं सांगायचं तर राज्याच्या इतिहासात आपण मराठवाड्याचे सगळेच लोक एक प्रकारे अल्पसंख्य आहोत. ते पालक तुमच्याशी भांडायला आले. भांडायचं तर दोघांनी मिळून त्या पाठाच्या लांबीशी भांडायला हवं.

आणि साध्या माणसांच्या आठवणींना इतिहासात जागा देण्याचा विचार पुस्तकाला परका आहे असंही नाही. हाच बोर्ड दहावीच्या इतिहासात 'वंचितांचा इतिहास' शिकवतो. रणजित गुहा आहेत, महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' आहे, लोकपरंपरा हे इतिहासाचं महत्त्वाचं साधन आहे हे आहे. पोरं टीप पाठ करतात, गुण घेतात. पाचवीपासून 'लिखित, भौतिक आणि मौखिक साधने' घोकून घेतो आपण. मग एक मौखिक साधन मागच्या बाकावरून उठून स्वतःच बोलायला लागलं, तर त्याला पुस्तकाबाहेरचं म्हणायचं? मला याचं हसू येतं आणि थोडी चीडही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आठवीच्या पाठात नेमकं काय यायला हवं. वेगळी चौकट नको, 'दुसरी बाजू' असं उपशीर्षक नको. आहे त्याच मजकुराच्या ओघात, शरणागतीच्या वाक्यानंतर, चार-पाच वाक्यं : "निजामाच्या शरणागतीनंतर मराठवाडा, बिदर व गुलबर्गा भागांत मुस्लीम नागरिकांवर मोठ्या प्रमाणावर हल्ले झाले. त्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. यातील बहुतेकांचा रझाकारांशी संबंध नव्हता. या घटनांची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठवले. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लीम कुटुंबांचे रक्षण केले." संपलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना यापलीकडे तपशील देऊ नये. अहवालात प्रेतांनी भरलेल्या विहिरींचे आणि पळवून नेलेल्या बायकांचे जे उल्लेख आहेत, ते कॉलेजात वाचावेत. रझाकारांच्या क्रौर्याचेही तपशील याच कारणाने आठवीत नकोत. गोरट्याचं नाव मात्र हवं.

यात कुणाची मुक्ती कमी होते का? माझ्या मते तसूभरही नाही. निजामाची राजवट जायलाच हवी होती. जबाबदार राज्यपद्धती नाही, सभा-संघटनांवर बंदी, शाळा कमी आणि वरचं शिक्षण तर बहुसंख्य प्रजेच्या भाषेत नाहीच. १७ सप्टेंबरचा झेंडा मानाने लावावा. तेलंगणात आणि कर्नाटकात याच तारखेला सरकारागणिक नाव बदलत आलंय, कुठे मुक्ती, कुठे एकात्मता, कुठे आणखी काही. आपण नावात फार अडकू नये. मुक्ती म्हणा आणि मुक्तीनंतर काय घडलं तेही सांगा.

उलट बाजूने एक धोका आहे, तोही सांगते. 'अल्पसंख्याकांची बाजू द्या' ही मागणी सरकारं कधीकधी फार सोप्या मार्गाने पुरी करतात. इस्राएलमध्ये २००७ साली शिक्षणखात्याने अरब मुलांच्या तिसरीच्या पुस्तकात १९४८च्या 'नकबा'चा, म्हणजे पॅलेस्टिनी लोक ज्याला आपल्यावरचं महासंकट म्हणतात त्याचा, उल्लेख येऊ दिला. हिब्रू शाळांच्या पुस्तकात तो नव्हता. दोन वर्षांनी मंत्री बदलले आणि अरब पुस्तकातूनही तो काढायचं ठरलं. यातून काय साधलं? ज्यांच्या घरात ती गोष्ट रोज बोलली जात होती त्यांनाच ती पुस्तकात वाचायला मिळणार होती, आणि ज्यांनी वाचायला हवी त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नव्हती. आपल्याकडे निदान ही एक सोय आहे, की उर्दू माध्यमाचं आणि मराठी माध्यमाचं बालभारतीचं पुस्तक एकच असतं, फक्त भाषा वेगळी. ती चार-पाच वाक्यं आली तर दोन्हीकडे येतील. त्याच पुस्तकात उर्दू माध्यमाच्या मुलांनी रझाकारांचे अत्याचार वाचायचे आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी ऑक्टोबर १९४८ वाचायचा.

तुमच्या मुख्याध्यापकांना कदाचित भीती असेल, की एकाला जागा दिली की दहा जण रांगेत उभे राहतील. राहू द्या. रांगेतल्या प्रत्येकाला एकच विचारायचं, साधन काय आहे? कागद, पाहणी, कोर्टाचा निकाल, त्या काळातली वर्तमानपत्रं, वेगवेगळ्या घरांतल्या एकमेकांशी जुळणाऱ्या आठवणी. रझाकार नुसते स्वयंसेवक होते आणि त्यांनी कुणाच्या केसाला धक्का लावला नाही, असं काही घरांत सांगतात. ते पुस्तकात येणार नाही, कारण पुरावा उलट आहे. १७ तारखेनंतर सगळं शांत झालं, कुणाला काही झालं नाही, असं दुसऱ्या काही घरांत सांगतात. तेही यायला नको, त्याच कारणाने. अल्पसंख्याकांची म्हणून एखादी गोष्ट घेऊ नये आणि अल्पसंख्याकांची म्हणून गाळूही नये.

सगळ्या मुसलमानांची मिळून एक 'बाजू' होती, हेही खरं नाही. शोएबुल्ला खान 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक होते. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं ते लिहीत. ऑगस्ट १९४८मधल्या एका रात्री, कारवाईला साधारण तीन आठवडे असताना, रझाकारांनी त्यांना हैदराबादच्या रस्त्यात मारलं. मखदूम मोहिउद्दीन उर्दूतले मोठे कवी आणि कम्युनिस्ट. ते निजामाविरुद्ध लढले. ही दोन नावं तुमच्या वर्गातल्या किती मुलांना माहीत असतील? त्या मागच्या बाकावरच्या मुलाला तरी माहीत असतील का? नसणारच. त्याला वर्गाने 'रझाकार' म्हटलं. घरात पोलीस ॲक्शन ऐकलं. शोएबुल्ला खान त्याला कुणीच सांगितले नाहीत.

मग १७ सप्टेंबरची भाषणं. तुम्ही तीन-चार मुलांना लिहून देत असाल. स्वामी रामानंद तीर्थांवरचं भाषण तर असेलच, ठेवा. एक शोएबुल्ला खानांवर लिहा. ते निर्वेध आहे, कुणी हरकत घेऊ शकत नाही, आणि घेतलीच तर हरकत घेणाऱ्याचीच पंचाईत होईल. तिसऱ्या भाषणासाठी सुंदरलाल अहवालातली एक हकिकत सुचवते. अहवाल सांगतो, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्याच धंद्यातल्या मुसलमान विणकरांना हल्लेखोर हिंदूंपासून वाचवलं, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली, काहींचे जीवही गेले. पळवून नेलेल्या मुस्लीम बायकांना परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली, हेही त्यात आहे. आठवीच्या मुलांसाठी पहिला भाग घ्या. एका मागाच्या शेजारी दुसरा माग, सूत एकाच व्यापाऱ्याकडून आणायचं, आणि एके दिवशी दारात जमाव. शेजारच्याने काय करावं? मुलांना हे लगेच कळतं. ही गोष्ट सांगताना कत्तल झाली हे आपोआप सांगितलं जातं, वेगळा आव आणावा लागत नाही. आणि त्या पालकांच्या पोरालाही आपल्या माणसांबद्दल अभिमान वाटावा असं त्यात पुष्कळ आहे.

चौथं भाषण शक्य असेल तर त्या पालकांनाच करायला लावा. खरंच. झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलवा, पेवाची गोष्ट त्यांच्या तोंडून येऊ द्या. ते कशासाठी चिडले असतील याचा मी विचार करत होते. तुम्ही मुसलमानांविषयी बोललात एवढ्यासाठीच चिडले असतील असं मला वाटत नाही. पंचाहत्तर वर्षांत त्यांच्या पणजोबांची गोष्ट शाळेत कुणी विचारली नाही, आणि पहिल्यांदा विषय निघाला तो दुसऱ्याच्या पणजोबांचा निघाला, हेही असेल त्यात. आधी त्यांचं ऐका. चहा घ्या त्यांच्याकडे. वाद घालायला जाऊ नका, वही-पेन घेऊन जा. कुठलं गाव, कुठला वाडा, बार्शीला किती दिवस, परत कधी आले, परत आल्यावर गावात काय दिसलं. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. सरहद्दीपलीकडून परतलेल्या घरांत त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आठवणी असतात, फक्त त्या कुणी विचारत नाही. कदाचित तेच तुम्हाला सांगतील, की कोणत्या आळीत कोण राहत होतं आणि नंतर कोण नव्हतं.

त्यांनी तरीही ऐकलं नाही, तर नाही ऐकलं. प्रत्येकाला पटवणं तुमचं काम नाही.

मुलाबद्दल मात्र एक कळकळीची विनंती. त्याला वर्गासमोर पुन्हा उभं करू नका. 'तू सांग तुमच्याकडे काय म्हणतात' असं चांगल्या मनाने विचारलं तरी तो त्या क्षणी विद्यार्थी राहत नाही, एका समाजाचा वकील होतो. तेरा वर्षांच्या पोराने हे ओझं का उचलावं? त्याने एकदा धाडस केलं, ते पुरे. मौखिक इतिहासाचा उपक्रम द्यायचा तर सगळ्या वर्गाला द्या : घरातल्या किंवा गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला १९४८बद्दल तीन प्रश्न विचारून यायचे. कोण कुठे होतं, काय बघितलं किंवा ऐकलं, कुणी कुणाला मदत केली. वह्या तुमच्याकडे जमा, वर्गात मोठ्याने वाचन नाही. त्यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. ज्यांनी बघितलं ती पिढी आता संपत आलीय, तेव्हा हे पुढच्या वर्षावर टाकू नका.

आणि 'रझाकार' म्हणून जे हसले त्यांचं काय? नुसतं दटावून भागणार नाही. आपल्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, गल्लीत, निवडणुकीत, क्रिकेटच्या मॅचला. पोरांनी तो घरून उचललाय. त्यांना एकदा शांतपणे सांगा, की शोएबुल्ला खानांना ज्यांनी मारलं ते रझाकार, आणि तुम्ही ज्याला हसलात तो तुमच्या वर्गातला मुलगा. मग पुढच्या धड्याला लागा. लांबण लावलीत तर पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याचकडे जातील.

राहता राहिले मुख्याध्यापक. 'पुस्तकाबाहेर जाऊ नका' हा त्यांचा तोंडी आदेश घाबरून दिलेला आहे, त्यांचीही कुचंबणा समजू शकते. उद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार गेली तर उत्तर त्यांना द्यायचंय. तर त्यांना उत्तर देता येईल अशी सोय करून ठेवा. पाठ टाचणात त्या तासाची नोंद करा : घटक, विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर, आणि 'पूरक संदर्भ' म्हणून सुंदरलाल अहवाल. सोबत या लढ्याचा इतिहास लिहिणारे पत्रकार अनंत भालेराव आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचं लेखनही लिहा. लढा आतून कसा दिसत होता ते त्यात आहे, आणि ही नावं बघून मराठवाड्यातला कुणी अधिकारी तुम्हाला सहसा उलटून बोलणार नाही. भाषणांचे मसुदे आठवडाभर आधी त्यांच्या टेबलावर ठेवा आणि त्यांची सही घ्या. एखादं वाक्य खोडलं तर खोडू द्या, विणकरांचं सोडून. ते खोडायला लागले तर मात्र विचारा, की यातलं कोणतं वाक्य खोटं आहे.

पाठ्यपुस्तकात भर घालण्याची सूचना पुण्याला बालभारतीकडे पाठवा. वर दिलेली चार-पाच वाक्यं तशीच लिहिलीत तरी चालेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार इयत्तांची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलतायत, आठवीची पाळीही येईल. पत्र एकटीच्या सहीने न पाठवता केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतिहासाच्या सगळ्या शिक्षकांच्या सह्यांनी पाठवा. शिक्षण परिषदेला सगळे भेटतातच. गोरटा आणि बार्शीचे कॅम्प यांचीही मागणी त्याच पत्रात करा, म्हणजे त्या पालकांनाही खाली सही करता येईल.